कोरड्या जागेचा माग

जावयाचे गमबूट राजाभाऊंना दोन नंबरांनी मोठे होत होते. पाय आत घातला की आडात पोहरा सोडल्यासारखा आवाज यायचा. शकुंतलाबाईंनी दोन्ही बुटांच्या नाकांत जुने लोकरी मोजे कोंबले, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आता चाला. पडला तर तोंडावर पडाल, पाठीवर न्हाई."

"मी काय पडायला चाललोय व्हय?"

"मग कशाला चाललाय? बत्तीस वर्सं बंदूकवाल्यांच्या मागं धावला. आता म्हातारपणी त्यांच्या म्होरं धावताय."

हे खरं होतं, आणि खरं बोललं की राजाभाऊंना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानटोपी खाली ओढली आणि दारात उभ्या राहिलेल्या फिन्टनच्या गाडीत जाऊन बसले.

राजाभाऊ पाटण तालुक्यातले, कोयनेच्या रानातले जुने फॉरेस्ट गार्ड. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण सांबरांनी आणि गव्यांनी केलं. ओल्या मातीतला खूर बघून जनावर नर की मादी, निवांत चाललं होतं की भिऊन पळालं, हे ते उभ्या उभ्या सांगायचे. साहेब लोक पाहुणे घेऊन यायचे, आणि राजाभाऊंच्या बीटातून जनावर न बघता परत गेलेला पाहुणा खात्यात कुणाला आठवत नव्हता. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी गावात कुणाचं रेडकू हरवलं की आधी राजाभाऊंच्या दारात यायचे, मग पाटलाच्या.

त्यांची लेक देवयानी आयर्लंडात स्लायगोच्या मोठ्या दवाखान्यात नर्स. तिनं आईबापांना जूनमध्ये तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. पहिले आठ दिवस राजाभाऊंनी खिडकीत बसून पाऊस बघितला. पुढचे आठ दिवस लेकीचं स्वयंपाकघर लावलं. ती भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणायची. त्या प्रेसमधले डबे त्यांनी तीनदा लावले, आणि चौथ्यांदा मिठाच्या जागी साखर गेल्यावर शकुंतलाबाईंनी त्यांना तिथून हाकलून दिलं. जावई हृषीकेश वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर, लेक ड्यूटीवर, बायको चुलीपाशी. ज्याचं त्याला काम होतं. राजाभाऊ मात्र खुंटीवरच्या टोपीसारखे, ना डोक्यावर ना पेटीत.

अशात ऑगस्टच्या अखेरीला एक दिवस फिन्टन बटाट्याची गोणी घेऊन आला. साठी उलटलेला मेंढ्यावाला, तांबूस तोंडाचा, बोलताना आधी हवेबद्दल बोलणारा. वसंतात त्याचा गुडघा बदलला तेव्हा देवयानीनं त्याची उस्तवार केली होती, त्याची ही परतफेड. चहा पिता पिता त्यानं आपलं दुखणं काढलं, आणि ते गुडघ्याचं नव्हतं.

त्याच्या शेतामागं डोंगर. डोंगरावर मोठाली तांबडी हरणं, आपल्या सांबराच्या चुलत घराण्यातली. दरवर्षी सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी चौघांची टोळी तिथं शिकारीला जायची. तीस वर्षं टोळीच्या पुढं फिन्टन. आधी महिनाभर तो एकटा डोंगर तुडवायचा, नर कुठून येतो, कुठं चरतो, कुठं बसतो, सगळं हेरून ठेवायचा आणि मग बाकीच्यांना न्यायचा. पण गेल्या हिवाळ्यात वरचं लावणीचं रान सगळं तोडलं गेलं आणि हरणांनी जुन्या वाटाच सोडल्या. आणि नेमका या वर्षी गुडघा असा. टोळीतला तरणा कॉनर म्हणाला होता, "काका, तुम्ही घरी बसा. मी झाडांना कॅमेरे बांधलेत. या वर्षापासून मी पुढं चालतो."

"मग?" राजाभाऊंनी विचारलं. देवयानी मधे बसून इकडचं बोलणं तिकडं सांगत होती.

"मी त्याला म्हणालो, शनिवारपर्यंत थांब. नर कुठं बसतो ते मी सांगतो. नाही सांगता आलं, तर तू पुढं आणि मी घरी." फिन्टननं कपात बघितलं. "पण डोंगर चढणार कोण?"

घरी बसणं म्हणजे काय, ते राजाभाऊंना कुणी इंग्रजीतून सांगायची गरज नव्हती. त्यांनी छातीवर हात ठेवला. "सांग त्यांला, मी चढतो. नर दाखवला न्हाई तर नावाचा राजाराम न्हाई."

"आबा!" देवयानी म्हणाली. "तिथं दलदल आहे. तुमचं वय काय! आणि तुम्ही शिकाऱ्याला मदत करणार? तुम्ही?"

तेवढ्यावर राजाभाऊ थबकले. मग त्यांनी फिन्टनला खात्यातल्या इंग्रजीत विचारलं, "टायगर?"

फिन्टननं मान हलवली. वाघ नाही, बिबट्या नाही. लांडगा होता, पण शेवटचा मरून दोन-अडीचशे वर्षं झाली. हरणं वाढतात, कोवळी झाडं सोलून खातात, हिवाळ्यात उपाशी मरतात.

"मंग मोजून मारणारा मानूस लागतोच," राजाभाऊ म्हणाले. "पण आधी कागद."

दुसऱ्या दिवशी फिन्टन प्लास्टिकच्या पाकिटात परवाना घेऊन हजर. राजाभाऊंनी चष्मा लावून तो उभा वाचला, आडवा वाचला. सगळं वाचता येत होतं अशातला भाग नाही, पण शिक्का कुठं असतो ते त्यांना ठाऊक होतं. शिक्का बघून कागद परत देताना त्यांना आतून गंमत वाटली. बत्तीस वर्षांत न पळता कागद दाखवणारा हा पहिलाच बंदूकवाला.

तर असे हे गमबूट घालून राजाभाऊ सोमवारी निघाले. शनिवारला पाच दिवस, आणि त्यापुढच्या बुधवारी दोघांचं परतीचं विमान.

आता रानात जनावर शोधायचं तर आपल्याकडे लहान पोरही सांगेल, पाणवठा गाठा. उन्हाळ्यात ओढे आटतात, रान तडकतं, आणि जे काही जिवंत आहे ते कधी ना कधी पाण्याला येतंच. वैशाखी पुनवेला मचाणावर बसून पाण्यावरची जनावरं मोजायची, ही फॉरेस्टातली जुनी रीत. राजाभाऊंनी आयुष्यात तीस पुनवा अशा मोजलेल्या. त्यांनी फिन्टनला डोंगराच्या कुशीतल्या तळ्यापाशी गाडी थांबवायला लावली, वारा बघितला, काठावरच्या लव्हाळ्यात बसायची जागा केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

सोमवारी तळ्यावर एक बगळा आला.

मंगळवारी तोच बगळा आला. शिवाय चिलटं आली, मोहरीएवढी. त्यांनी राजाभाऊंच्या कानाच्या पाळ्या सोलून काढल्या.

बुधवारी बगळासुद्धा आला नाही. वरून पाऊस, खालून दलदल. उठताना डावा गमबूट चिखलातच राहिला आणि राजाभाऊ मोज्यावर उभे. तिन्ही दिवस त्यांनी गाडीत बसलेल्या फिन्टनला विचारलं, "गुड प्लेस, सर?" आणि तिन्ही दिवस फिन्टन म्हणाला, "ग्रँड, राजा, ग्रँड."

रात्रीच्या जेवणाला राजाभाऊंनी सात शिंका दिल्या आणि मग म्हणाले, "जागा ग्रँड हाय, फिन्टनसायेब सोता म्हणाले. उद्या येईल जनावर."

देवयानीनं कपाळाला हात लावला. "आबा, इथं सगळंच ग्रँड असतं हो. माझे पेशंट पाय प्लास्टरमध्ये घेऊन पडलेले असतात, विचारलं कसं वाटतंय तर ग्रँड. तो बिचारा तुम्हाला चुकलं म्हणणार नाही. वर्षभर म्हणणार नाही."

राजाभाऊंच्या हातातला घास हातात राहिला. "म्हंजी त्याला ठावं हाय? तिथं जनावर येत न्हाई ते?"

"माहीत असणारच."

"आन् तीन दिस मला भिजू दिलं?"

"तुमचा मान राखला," देवयानी म्हणाली.

हे तर जास्तच लागलं. राजाभाऊ जेवण अर्धं टाकून उठले. फॉरेस्टात त्यांना शिव्या बसल्या होत्या, एकदा गव्यानं झाडावर चढवून सहा तास ठेवलं होतं, पण असा मान कुणी राखला नव्हता.

गुरुवारी फिन्टनची गाडी आली तेव्हा राजाभाऊंनी अंगात कणकण आहे असं सांगून पाठवलं. मागच्या अंगणात खुर्ची टाकून ते पाठ फिरवून बसले. शकुंतलाबाईंचं तिथंच काम चाललेलं. लेकीला वर्षभर पुरतील इतके सांडगे घालून द्यायचे आणि मगच विमानात पाय ठेवायचा, असा त्यांचा पण. कोहळा मिळाला नाही, तर इथल्या हिरव्या काकडीसारख्या भाजीचे घातले. डाळ वाटली, तिखट-मीठ घातलं, सगळं जमलं; जमेना ते वाळवण. ऊन दोन मिनिटांचं पाहुणं. अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार वेळा कापड अंथरून झालं, चार वेळा पळत जाऊन उचलून झालं.

पाचव्यांदा त्यांना जागा सापडली होती. घराच्या मागं तेलाच्या बॉयलरची ठेंगणी खोली, तिच्या पूर्वेच्या भिंतीला लागून दोन हात रुंद पट्टी. वरून छपराची वळचण, पश्चिमेचा पाऊस भिंत अडवणार, बाजूनं वारा खेळणार. तिथं त्यांचे सांडगे बऱ्यापैकी खुळखुळू लागले होते. फक्त एक विघ्न होतं. शेजारचं पिवळं मांजर.

"हाऽड! मेल्या!" शकुंतलाबाईंनी ओला पंचा फटकारला. मांजर चार पावलं गेलं, बसलं, त्यांच्याकडे बघत राहिलं. "बघा की वो ह्येच्याकडं! तीन अंगणं मोकळी हायत ह्येला. पर ह्यो भाड्या येतोय ते माझ्या कापडावरच."

राजाभाऊंनी खुर्ची आणखी थोडी पलीकडे फिरवली.

"तुम्ही काय तोंड पाडून बसलाय? हरीण घावलं न्हाई म्हणून? कुठं शोधत हुता?"

"पाण्यावर. दुसरं कुठं शोधत्यात?"

शकुंतलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पाण्यावर? हितं? आवं, हितं पाणी शोधाया कोण जाईल! ज्येनं तोंड वर करून आ केला त्येला पाणी. मी तीन म्हैने झालं कोरडी जागा शोधतीय, ती घावंना. मुक्या जनावराला बी कळतंय," त्यांनी पुन्हा पंचा उगारला, "ह्या मांजराला कळतंय आन् बत्तीस वर्सं फॉरेस्टात काढलेल्या मानसाला कळंना!"

राजाभाऊ मांजराकडे बघत राहिले. मांजर पुन्हा कापडाच्या कडेला येऊन टेकलं होतं, पाठ भिंतीला, तोंड वाऱ्याच्या दिशेला. हळूहळू राजाभाऊ खुर्चीतून उठले. वळचणीखाली वाकले. मांजर उठलं, तसा त्याच्या जागेवर तळवा टेकला. माती कोरडी होती आणि ऊबदार होती.

"आता तुम्ही बी बसा माझ्या सांडग्यांवर," शकुंतलाबाई म्हणाल्या. पण नवरा आत पळाला होता, फोनवर इंग्रजी बोलायला. त्या घरात राजाभाऊंनी आपण होऊन केलेला तो पहिला फोन.

"फिन्टनसर? टुमारो. अर्ली. नो वॉटर!"

 पलीकडून फिन्टन इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

शुक्रवारी गाडीत बसल्या बसल्या राजाभाऊंनी एकच गोष्ट विचारली: पाऊस लागला की तुझी मेंढरं कुठं उभी राहतात? फिन्टननं डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला बोट दाखवलं, दगडी गडग्याच्या आडोशाला. मग तो जरा संकोचून म्हणाला, हरणं चिखलाला येतात, पण महिन्याभरानं, माजावर आली की लोळायला. तोवर प्यायचं पाणी त्यांना गवताच्या पात्यावरच मिळतं.

"व्हाय यू नॉट टेल, सर?"

"तू इतक्या शिस्तीत बसला होतास," फिन्टन म्हणाला, "मला वाटलं, तुला काहीतरी दिसतंय जे मला दिसत नाही."

 राजाभाऊंनी त्याच्या गुडघ्यावर, चांगल्या गुडघ्यावर, थाप मारली.

गडग्यापर्यंत दोघं काठ्या टेकत गेले. पुढं चढ उभा होता. फिन्टन दगडावर बसून दुर्बिणीतून बघत राहिला आणि राजाभाऊ एकटे वर निघाले. मेंढरं ज्या आडोशाला, तिथं रानटी जनावर बसणार नाही. पण तसलाच आडोसा, त्याच्या वर, जिथं मेंढरू चढत नाही. नेच्यांच्या दाटीतून वाट फुटली होती, वितभर रुंद. कमरेएवढ्या उंचीवरची पानं दोन्ही अंगांना झुकलेली. खाली लेंड्या, चकचकीत. पुढं तांबड्या फळांचं एक झाड, त्याची साल छातीएवढ्या उंचीला ओरबाडलेली, आणि त्या सोललेल्या बुंध्याला मऊ कातड्याची एक चिंधी लोंबत होती. शिंगावरची मखमल घासून काढलेली. राजाभाऊंनी ती चिंधी बोटांत धरली आणि कोयनेच्या रानातली सगळी सांबरं त्यांना एकदम भेटायला आल्यासारखी वाटली.

झाडाच्या मागं खडकाचा मोठा ओठ पुढं आलेला. त्याखाली वाकून त्यांनी तळवा टेकला.

कोरडं. तीन महिन्यांत या देशात मांजराच्या जागेनंतर हाताला लागलेली दुसरी कोरडी माती. चुरलेलं गवत, लांबट खोलगट बैठक, तांबूस केस. आणि ऊब. चांगली ऊब, नुकत्या उतरवलेल्या तव्याची असते तशी.

म्हणजे जनावर आत्ताच उठलं होतं. म्हणजे ते इथंच होतं.

राजाभाऊंनी मान तेवढी वर केली. वीस पावलांवर, खडकाच्या माथ्यावर, तो उभा होता. पाठमोरा. मान एवढी की दोन हातांच्या कवेत मावणार नाही, शिंगांना फांद्या बारा. वारा त्याच्याकडून राजाभाऊंकडे येत होता, त्यामुळे त्याला माणसाचा वास लागला नव्हता. आणि नेमकी तेव्हाच बुधवारच्या तळ्यानं आपली आठवण करून दिली. राजाभाऊंच्या नाकात शिंक निघाली.

एक शिंक, आणि हा राजा पलीकडच्या डोंगरावर. मग शनिवारी कॉनर पुढं आणि फिन्टन घरी, खुंटीवर. राजाभाऊंनी कानटोपी उपसली आणि तोंडात कोंबली, पार दाढेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं, कान फुटतील असं वाटलं. शिंक वर आली, टोपीला धडकली आणि बिचारी परत गेली.

नरानं कान फिरवला. मग जमिनीला तोंड लावलं आणि चरू लागला.

आता परत फिरायचं, पण उभं राहून नाही. राजाभाऊ बसले आणि बुडावर घसरत, इंच इंच, नेच्यांतून खाली आले. गडग्यापाशी पोहोचले तेव्हा पाठीला सगळा डोंगर चिकटला होता आणि तोंडात अजून टोपी होती. फिन्टननं ती काढून घेतली. तेव्हा कुठं ती शिंक सुटली, आणि खालच्या मेंढ्यांनी चरायचं थांबवलं.

"मेल, सर," राजाभाऊ म्हणाले. "ट्वेल्व्ह." मग त्यांनी जमिनीवर काठीनं वाट काढून दाखवली: हा खडक, हे झाड, ही उतरायची वाट, हा चरायचा उतार. खडकावर मात्र त्यांनी काठीनं फुली मारली आणि बोट हलवलं. झोपायच्या जागी मारायचं नाही. वाटेवर.

फिन्टननं फुलीकडे बघितलं, टोपी काढली आणि होकार दिला.

शनिवारी राजाभाऊ गेले नाहीत. "बंदुकीचा आवाज आला की माझं पाय आपोआप धावत्यात," ते म्हणाले. "उगा फिन्टनसायबालाच धरून आणायचो." सकाळपासून ते वळचणीखाली सांडगे उलटत बसले, म्हणजे सांडगे पावसात न भिजवता मदत करण्याइतके कामाचे झाले.

दुपारी गाडी आली. फिन्टन उतरला, पायाला जरा जपत, पण तोंड उजळलेलं. हातात कापडात गुंडाळलेली हरणाची मांडी. तो टोळीच्या पुढं चालला होता, गुडघ्याच्या चालीनं, आणि कॉनरला त्याच चालीनं मागं यावं लागलं होतं. नर ठरल्या वाटेनंच उतरला. पण त्याच्यामागं एक लंगडा नर होता, या हिवाळ्यात तगला नसता असा. फिन्टननं त्याच्याकडे बोट केलं, आणि टोळीच्या पुढं चालणाऱ्याचाच शब्द डोंगरावर चालतो, म्हणून गोळी त्यालाच लागली. बाराफांद्या आला तसा पुढं गेला.

"कॉनरनं मला विचारलं, काका, हे कुठून शिकलात," देवयानी फिन्टनचं बोलणं मराठीत सांगत होती. "आता फिन्टन विचारतोय, आबा, तुम्ही कुठून शिकलात?"

राजाभाऊंनी घसा साफ केला. बत्तीस वर्षांची नोकरी ओठांवर आली होती. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती मांसाचं गाठोडं हाताच्या अंतरावर धरून उभी होती.

"आज शनिवार हाय," ती म्हणाली. "आज चुलीवर न्हाई चढायचं ह्ये. उद्या कांदा-लसणाची चटणी लावून करते. तवर फ्रिजात."

"चला सायेब," राजाभाऊंनी फिन्टनचा हात धरला आणि त्याला बॉयलरच्या खोलीमागं नेलं. "हितून शिकलो. ह्या बाईकडून."

फिन्टननं ते कापड बघितलं, सांडगे बघितले, वळचण बघितली. काठीवर भार देत, मोठ्या कष्टानं तो वाकला आणि शकुंतलाबाईंच्या दोन हात रुंद कोरड्या पट्टीवर त्यानं तळवा ठेवला, अगदी जाणत्यासारखा. बराच वेळ ठेवला.

शकुंतलाबाई लेकीच्या कानाशी लागल्या. "बघून झालं आसंल तर त्येला म्हणावं, तेवढं मांजर हाकला. आम्ही बुधवारी चाललो, तवर सांडगं वाळाया पायजेत."